अंगातलं आणि खिशातलं

एमआरआय सेंटरवर मशीनच्या आधी फॉर्म भेटतो. त्यावर पंधरा-वीस प्रश्न छापलेले असतात आणि फिरवून फिरवून विचारलेली गोष्ट एकच असते: अंगात कुठे धातू आहे का? या प्रश्नाला महाराष्ट्रात पहिलं उत्तर ‘नाही’ हेच मिळतं. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत मिळतं. बहुतेकदा ते पेशंटचं नसतंच. पेशंट बाकावर बसून पंख्याकडे बघत असतो. त्याच्या वतीनं मुलगा उत्तर देतो, मुलाला माहीत नसलं तर सून देते आणि दोघांनाही माहीत नसलं तर दोघं मिळून ठामपणे देतात.

मुरलेला टेक्निशियन या ‘नाही’पुढे लगेच खूण करत नाही. तो आडवाटेनं शिरतो.

“आजोबा, कधी पडलाबिडला होतात का?”

इथे आजोबांची कळी खुलते. लूनावरून पडले होते. चूक समोरच्याची होती. तिथून निघालेली गोष्ट पंचनामा, तेव्हाचे फौजदार आणि मेहुण्यानं वेळेवर न आणलेली रिक्षा असं सगळं फिरून मिरजेच्या दवाखान्यात पोचते. “तेव्हा मांडीत रॉड टाकलाय.”

“अहो, मग धातू आहे की!”

“धातू कुठला? रॉड आहे.”

आजोबा खोटं बोलत नसतात. जी वस्तू इतकी वर्षं त्यांच्याबरोबर उठतेबसते आणि पावसाळ्यात दुखते, ती त्यांच्या लेखी आता हाडच झालेली असते. बायपास झालेल्यांचंही तेच. छातीच्या मधल्या हाडाला स्टीलच्या तारेनं टाके घातलेले असतात, पण ‘बायपास म्हणजे पायाची शीर काढून लावली’ एवढंच घरात सांगितलेलं असतं. ज्याला स्टेंट बसलाय तो ‘स्प्रिंग टाकलीय’ म्हणतो आणि वर ‘पण ती आत विरघळते ना?’ असं विचारतो. तांबीचा प्रश्न सासूसमोर विचारला तर ‘नाही’, सासू चहाला गेल्यावर विचारला तर ‘हो’. कवळी काढायला सांगितली की पेशंटचं बोलणं कळेनासं होतं आणि कानातलं यंत्र काढायला सांगितलं की टेक्निशियनचं. यापुढच्या सगळ्या सूचना हातवाऱ्यांनी द्याव्या लागतात.

या चौकशीमागे पलीकडच्या खोलीतलं चुंबक असतं. साधारण सेंटरवर ते 1.5 टेस्लाचं असतं, मोठ्या रुग्णालयांत 3 टेस्लाचंही. होकायंत्राची सुई ज्याच्या जोरावर उत्तर-दक्षिण उभी राहते, त्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या 1.5 टेस्ला म्हणजे जवळपास 30 हजार पट. निओबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी द्रव हेलियममध्ये उणे 269 अंश सेल्सियसवर ठेवलेली असतात. त्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा आत सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. रात्री फिरतो, रविवारी फिरतो, दिवाळीत फिरतो. महावितरणनं लाइट घालवली तरी तो फिरतो, आणि या राज्यात असं धैर्य फार थोड्या यंत्रांकडे आहे.

एमआरआयबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती हीच, आणि नेमकी हीच कोणाला पटत नाही. आपल्याकडे यंत्र म्हणजे बटण. आवाज येतोय म्हणजे चालू, आवाज थांबला म्हणजे बंद. मिक्सरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत हा नियम कधी चुकलेला नाही. एमआरआयच्या आतली ती प्रसिद्ध खटखट वेगळ्याच वेटोळ्यांची असते. चित्र घेण्यासाठी त्यांच्यातला प्रवाह भराभर उलटसुलट केला जातो, तेव्हा ती थरथरतात. चित्र काढून झालं की खटखट थांबते. मुख्य चुंबक मात्र सकाळी होतं तसंच पूर्ण ताकदीनं बसलेलं असतं, आवाज न करता. खोलीत शांतता पसरली की नातेवाइकाला वाटतं, झालं वाटतं! आणि तो दार ढकलतो.

चुंबक बंद करायचं एक बटण भिंतीवर असतं. ते दाबलं की हेलियम उकळून सातशे पटींहून जास्त पसरतो आणि नळीवाटे इमारतीबाहेर निघून जातो. त्यालाही मिनिटभर तरी लागतंच. पुढे पुन्हा हेलियम भरणं, चुंबक पुन्हा जागवणं, लाखांची बिलं आणि कित्येक दिवस बंद पडलेलं सेंटर. त्यामुळे रुग्णालयातली माणसं त्या बटणाजवळून जातानाही कोपर सांभाळतात. हल्ली सात लिटर हेलियमवर भागवणारी, कायमची सीलबंद मशीन आली आहेत, पण जुन्यांत हा हिशोब हजार-दीड हजार लिटरच्या पुढचा असायचा.

चुंबकाची ताकद ज्यांना आकड्यांतून कळत नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या रॉचेस्टरचं प्रकरण उपयोगी आहे. तिथला एक पोलीस अधिकारी, सुट्टीवर असताना, स्कॅनसाठी आला आणि कमरेचं .45 पिस्तूल घेऊन थेट मशीनच्या खोलीत गेला. शिस्तीचा माणूस होता. पिस्तूल कपाटावर नीट ठेवून द्यावं असा त्याचा विचार होता. तेवढ्यात ते हातातून निसटलं, उडत जाऊन मशीनवर आदळलं आणि गोळी सुटली. ती भिंतीत घुसली, कोणाला इजा झाली नाही. पिस्तुलाचा सुरक्षा-खटका लावलेला होता, पण त्याची रचना करणाऱ्यांनी हा प्रसंग धरलेला नव्हता. 2002 साली हे प्रकरण रेडिओलॉजीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात रीतसर शास्त्रीय लेख म्हणून छापून आलं. वैद्यकीय साहित्यात पिस्तुलाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

दरवेळी गोळी भिंतीतच जाते असं नाही. 2001 साली न्यूयॉर्कजवळच्या वल्हाला इथे मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्कॅनसाठी आणलेला सहा वर्षांचा मुलगा, खोलीत आणलेला प्राणवायूचा सिलिंडर मशीनमध्ये खेचला गेल्यानं दगावला. त्यानंतर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संस्थेनं कोण कुठपर्यंत येऊ शकतो याच्या चार पायऱ्या आखून दिल्या. 2014 साली खारघरच्या कर्करोग केंद्रात वॉर्डबॉय आणि टेक्निशियन सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. जानेवारी 2018मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात आजारी नातेवाइकाबरोबर आलेला 32 वर्षांचा तरुण हातात सिलिंडर घेऊन खोलीत गेला आणि जिवाला मुकला. मशीन बंद आहे असं सांगण्यात आलं होतं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. जुलै 2025मध्ये न्यूयॉर्कजवळच्याच वेस्टबरीला बायकोच्या गुडघ्याचा स्कॅन झाल्यावर तिला उठवायला म्हणून 61 वर्षांचा नवरा आत गेला. त्याच्या गळ्यात व्यायामाची सुमारे 9 किलोची साखळी होती. तोही वाचला नाही.

या चारही ठिकाणी जीव धोक्यात आणणारा धातू पेशंटच्या अंगात नव्हता. तो दारातून चालत आला होता आणि आणणाऱ्याला मदतच करायची होती.

फॉर्म मात्र पेशंटपुढे ठेवला जातो. गुडघे बदललेल्या आजी रात्रभर झोपलेल्या नसतात. चुंबक गुडघे उपटून काढेल असं त्यांना शेजारणीनं सांगितलेलं असतं. त्यांना आधार देणारा नातू किल्ल्यांचा जुडगा, दोन मोबाइल आणि आजीच्या बांगड्या खिशात घेऊन निर्धास्त उभा असतो. चुंबकाच्या दृष्टीनं या दोघांमधला धोकादायक माणूस नातू आहे. पण त्याला कोणी फॉर्म देत नाही, आणि दिलाच तर तो म्हणतो, “मला कुठे स्कॅन करायचाय?”

आजीच्या गुडघ्याचं काय होतं, हे भांड्यांच्या दुकानात नेहमी जाणाऱ्या बाईला खरं तर अर्धंअधिक माहीत असतं. डबा घेताना ती पर्समधून लोहचुंबकाचा तुकडा काढून तळाला लावते. चिकटला तर ‘हे चांगलं स्टील नाही’ म्हणून डबा परत जातो. चांगल्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेलही पुरेसं असतं आणि त्यामुळे आतल्या अणूंची रचना अशी बसते की चुंबकाला धरायला काही उरत नाही. हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू ज्या 316 एल स्टीलचे करतात, ते याच घराण्यातलं. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यांनाही चुंबक ओढत नाही. टायटॅनियमला तर त्याचं असणं-नसणं सारखंच. गुडघा, खुबा, मणक्यातले स्क्रू, दातांचे इम्प्लांट यांतलं बहुतेक सगळं या तीन-चार धातूंत येतं आणि जिथल्या तिथे राहतं. शिवाय ते हाडात सिमेंटनं किंवा स्क्रूंनी पक्कं बसवलेलं असतं, हा आणखी एक भरवसा.

पण ‘स्टील आहे’ एवढ्यानं भागत नाही. पाटील म्हटल्यावर ‘कुठले पाटील?’ विचारावं लागतं, तसंच हे. स्टीलच्या काही जाती लोखंडासारख्याच चुंबकाला धावून जातात. स्वयंपाकघरातली चांगली सुरी त्यातलीच असते. दुर्दैवानं मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला लावायच्या काही जुन्या क्लिपाही त्यातल्याच होत्या. 1992 साली अमेरिकेत एका पेशंटला मशीनमध्ये नेताना अशी क्लिप फिरली, रक्तवाहिनी फाटली आणि पेशंट गेला. क्लिप कुठली याची चौकशी आधी झाली होती. मिळालेलं उत्तर चुकीचं निघालं. मेंदूतल्या क्लिपचं नाव निघालं की टेक्निशियन एकदम गंभीर का होतो, पेन खाली ठेवून फोन का उचलतो, ते यावरून कळावं.

फॉर्मवरचा ‘वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम केलंय का?’ हा प्रश्नही असाच कमावलेला आहे. 1986 साली एका कारागिराच्या डोळ्यात राहून गेलेला लोखंडाचा बारीक कण स्कॅनच्या वेळी हलला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. कण कधी गेला हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पिंपरी-चिंचवडच्या शॉपमध्ये किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांची हयात गेली, त्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण सोबतची बायको मध्येच सांगते, “हे सुपरवायझर होते,” आणि विषय मिटवते. सुपरवायझर होण्याआधी बारा वर्षं काय केलं, हे निवृत्तीनंतर घरात बोलायची पद्धत नाही. शंका आली की डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात, त्यात कण दिसतो.

इम्प्लांट चुंबकाला किती दाद देतं, हे तपासायची रीत इतकी साधी आहे की शाळेच्या प्रयोगवहीत शोभावी. वस्तू दोऱ्याला टांगायची आणि मशीनच्या तोंडापाशी धरायची. दोरा सरळ खाली लोंबला तर उत्तम. तिरपा झाला तर कोन मोजायचा. 45 अंशांच्या आत असला तर चुंबकाची ओढ वस्तूच्या स्वतःच्या वजनाहून कमी, म्हणजे पृथ्वी जास्त जोरात ओढतेय. जागा मशीनच्या तोंडाचीच निवडतात, कारण ओढ सर्वांत जास्त तिथे असते. बोगद्याच्या मध्यावर चुंबकत्व सगळीकडे सारखं असल्यानं तिथे वस्तू खेचली जात नाही, फार तर फिरायला बघते. दारातून दोन पावलं आत येईपर्यंत किल्ल्या खिशात गप्प असतात आणि तिसऱ्या पावलाला त्यांना आठवतं, ते यामुळेच. लॉस एंजेलिसच्या फ्रँक शेलॉक यांनी आयुष्याचा मोठा भाग या टांगण्यात घालवला. त्यांच्या यादीत हजारो वस्तू आहेत आणि जगभरचे टेक्निशियन अडलं की ती यादी उघडतात.

या सगळ्या तपासण्यांचा निकाल सांगायला 2005 सालापासून तीन चिन्हं ठरलेली आहेत. हिरवा चौकोन म्हणजे खुशाल न्या. लाल वर्तुळावर तिरपी रेघ म्हणजे दाराबाहेरच ठेवा. पिवळा त्रिकोण म्हणजे अटी लागू. हिरवा चौकोन प्लास्टिक, काच, चिनी माती अशा मंडळींना मिळतो, ज्यांच्यातून वीजही वाहत नाही. धातूनं कितीही चांगलं वर्तन ठेवलं तरी त्याची धाव पिवळ्या त्रिकोणापर्यंतच. त्यामुळे टायटॅनियमच्या निरुपद्रवी स्क्रूच्या कागदावरही पिवळा त्रिकोण बघून घरचे हादरतात. अटी मात्र साध्या असतात: 1.5 किंवा 3 टेस्ला, शरीरात शोषली जाणारी ऊर्जा किलोमागे 2 वॅटपर्यंत, सलग 15 मिनिटं, एवढंच. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी भरभर वाचतात त्याहून त्या खूपच माणसाळलेल्या आहेत.

अटी वाचायला कागद मात्र लागतो, आणि खरी मौज इथून सुरू होते.

प्रत्येक इम्प्लांटबरोबर एक स्टिकर येतो. कंपनी, मॉडेल, बॅच नंबर सगळं त्यावर असतं. शस्त्रक्रियेनंतर तो केसपेपरवर चिकटवतात, हल्ली वेगळं कार्डही देतात. मराठी घर कागद टाकून देणाऱ्यांतलं नाही. मिक्सरचं वॉरंटी कार्ड मिक्सर भंगारात गेला तरी असतं. लाइटबिलांना तार ओवलेली असते. घराच्या सातबाऱ्याच्या सात प्रती असतात. फक्त आजोबांच्या मांडीत काय आहे, हे सांगणारा कागद नसतो. फायलीत दवाखान्याची पावती सापडते, औषधांची बिलं सापडतात, कारण ती मेडिक्लेमला लागली होती. स्टिकर कुठे गेला? ‘तो क्लेमबरोबर पाठवला.’ डॉक्टर निवृत्त झालेले असतात. दवाखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालेलं असतं. सांगली-कोल्हापूरकडचं घर असलं तर ‘2019च्या पुरात गेलं’ हे उत्तर मिळतं आणि ते पुष्कळदा खरं असतं.

अशा वेळी आजी गादी उचलते.

गादीखाली एक्स-रे असतात. जुने, भलेमोठे, कडा दुमडलेले, पिवळ्या पाकिटातले. कुटुंबातल्या तीन पिढ्यांची हाडं तिथे एकावर एक झोपलेली असतात. मधल्या काळात त्यांतला एखादा ग्रहण बघायला वापरला गेलेला असतो (तसं करू नये, डोळ्यांना ते घातक आहे, पण केलं जातं). टेक्निशियन तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरतो आणि त्याला रॉडची जात, लांबी, स्क्रूंची संख्या एका दृष्टीत कळते. मॉडेल नंबर त्यात नसतो. पण रेडिओलॉजिस्टला निर्णय घेण्यापुरतं बरंच काही असतं. गादीचा पसारा म्हणून सुनेनं आजवर जे हिणवलं, त्याचा हिशोब आजी तिथल्या तिथे चुकता करते.

‘स्टेंट टाकल्यावर सहा आठवडे एमआरआय चालत नाही’ हाही गादीखालचाच ऐवज म्हणायचा. तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये आजही मिळतो. एके काळी निर्मात्यांच्या पत्रकांत अशी वाट बघायला सांगत, म्हणून तो पसरला. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2007 सालीच सांगून टाकलं की हृदयातल्या बहुतेक स्टेंटसाठी 3 टेस्लापर्यंतच्या मशीनवर कधीही स्कॅन करता येतो. लिफ्टमध्ये ही बातमी अजून पोचायची आहे.

मग येतात दागिने. सोनं आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत, हे सराफाला आणि चोराला दोघांनाही माहीत असतं. तरी ते काढावेच लागतात. फाशात किंवा स्प्रिंगमध्ये स्टील असू शकतं. शिवाय धातू रेडिओलहरींनी तापतो. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर बाई नवऱ्याकडे बघते आणि नवरा टेक्निशियनकडे. जोडवी निघत नाहीत. साबण होतो, तेल होतं, दोरा गुंडाळून ओढून होतं. कडदोऱ्याचा उल्लेख कोणीच करत नाही, तो चाचपून काढावा लागतो. जानव्याला कपाटाची किल्ली बांधलेली असते आणि ‘ती कधी काढत नाही’ असं उत्तर येतं. साडीला सेफ्टीपिना किती, याचा अंदाज कोणालाच नसतो. गाऊन घातल्यावरही एखादी परकराच्या नाडीला सापडते. अंबाड्यातले आकडे सर्वांत शेवटी निघतात आणि प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा’ म्हणून निघतात. हे सगळं रुमालात बांधून सोबतच्या माणसाकडे दिलं जातं. सोबतचा माणूस ते छातीशी धरतो आणि पेशंटला धीर द्यायला आत निघतो. त्याला दारात अडवण्यासाठी एक पगारी माणूस ठेवावा लागतो. ठेवत नाहीत तिथे टेक्निशियन स्वतः आडवा उभा राहतो.

तापण्याचा विषय ओढीपेक्षा कमी नाट्यमय आहे, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. 1.5 टेस्लाच्या मशीनमधल्या रेडिओलहरी 64 मेगाहर्ट्झच्या, 3 टेस्लाच्या 128च्या. आपली एफएम स्टेशनं बरोबर यांच्या मधे बसतात. म्हणजे योग्य लांबीची कुठलीही तार आत गेली की ती अँटेना बनते आणि तिचं टोक तापतं. औषधी पट्ट्यांतल्या काहींच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. भाजल्याच्या घटनांनंतर 2009 साली अमेरिकेच्या एफडीएनं त्यांच्याबद्दल इशारा दिला. घामाचा वास येऊ नये म्हणून चांदीचे तंतू विणलेल्या व्यायामाच्या कपड्यांनीही एका अकरा वर्षांच्या मुलीला भाजलं. म्हणून गाऊन. ‘सुती आहे हो, कशाला बदलायचं?’ या वादात सेंटरचा बराच वेळ जातो.

धातू नसतानाही तापणं जमू शकतं. दोन्ही हात एकमेकांना किंवा मांड्या एकमेकींना चिकटल्या की शरीरातच एक वेटोळं तयार होतं आणि जिथे कातडी टेकते तिथे चटका बसतो. टेक्निशियन पेशंटचे हात बाजूला, मध्ये उशी घालून ठेवतो. बाक आत सरकायला लागला की पेशंट डोळे मिटून हात जोडतो. टेक्निशियन बाक बाहेर काढतो, हात सोडवतो, उशी परत घालतो. पुन्हा सरकवतो. पुन्हा हात जोडले जातात. शेवटी “आजी, मनातल्या मनात करा,” यावर तडजोड होते.

गोंदवून घेतलेल्यांना मात्र दिलासा आहे. शाईत लोहाचे कण असू शकतात म्हणून पूर्वी फार घाबरवलं जायचं. लंडनमध्ये गोंदवलेल्या 330 लोकांचे स्कॅन नीट नोंद ठेवून केले गेले. 2019 साली निष्कर्ष छापून आला: एकाच्याच बाबतीत गोंदणाशी जोडता येईल असा किरकोळ त्रास झाला.

पेसमेकरवाल्यांना कित्येक वर्षं दारातूनच परत पाठवत. तिथे भीती रास्त होती: तारा अँटेनासारख्या तापतात आणि मेंदू असलेलं यंत्र गोंधळूही शकतं. 2011 साली अमेरिकेत एमआरआय चालणाऱ्या पहिल्या पेसमेकरला मान्यता मिळाली. मग प्रश्न जुन्या यंत्रांचा उरला. तिथल्या डॉक्टरांनी जुनाच पेसमेकर असलेल्या 1000 आणि धक्का देणारं आयसीडी असलेल्या 500 प्रसंगांत, छाती सोडून बाकीच्या भागांचे 1.5 टेस्लावर स्कॅन काळजीपूर्वक केले. 2017मध्ये निकाल आला: स्कॅनच्या दरम्यान एकही मृत्यू नाही. काळजीपूर्वक म्हणजे, आधी यंत्र तपासून त्याचा कारभार स्कॅनपुरता बदलायचा, ईसीजी आणि ऑक्सिजनवर नजर ठेवायची, संपल्यावर सगळं होतं तसं करून द्यायचं. आपल्याकडे यासाठी कंपनीचा माणूस लॅपटॉप आणि एक गोल चकती घेऊन येतो आणि चकती छातीवर ठेवतो. मुलगा बघत असतो. थोड्या वेळानं न राहवून विचारतो, “रिचार्ज मारताय का?”

कॉक्लियर इम्प्लांटची गोष्ट सर्वांत गमतीची, कारण त्यात कानामागे, कातडीखाली, खुद्द लोहचुंबकच बसवलेलं असतं. म्हणजे दोन चुंबकांची भेट. जुन्या यंत्रांच्या बाबतीत डोक्याला घट्ट पट्टी बांधून स्कॅन करतात किंवा आधी ते चुंबक छोट्या शस्त्रक्रियेनं काढतात. नव्यांत ते आतल्या आत फिरून मोठ्या चुंबकाच्या दिशेनं तोंड करतं. थोरल्यापुढे मान वळवायची समज धातूत आली, असं म्हणायला हरकत नाही.

एवढं सगळं पार पडून स्कॅन होतो, आणि मग एक जुनंच दुखणं निघतं. धातू जागेवरून हलत नाही, तापत नाही, पण आसपासचं चुंबकत्व बिघडवतो आणि चित्रात तिथे काळा डाग पडतो. टायटॅनियमचा डाग लहान, स्टीलचा अघळपघळ. डाग आटोक्यात आणायच्या युक्त्या आहेत, त्या लावल्या की वेळ वाढतो आणि पेशंट आत चुळबुळ करतो. पाठीचा स्कॅन असेल आणि धातू गुडघ्यात असेल तर प्रश्नच येत नाही. पण गुडघ्याच्या प्लेटशेजारचंच काही बघायचं असलं की काळोख. रिपोर्ट हातात आल्यावर कुटुंब काउंटरवर जमतं. फिल्म वर धरली जाते.

“हे काळं काय आलंय?”

“ती प्लेट आहे.”

“तुम्ही तर म्हणालात, प्लेटला काही होत नाही!”

“प्लेटला काही झालेलं नाही. फोटोला झालंय.”

आजोबा थोडा वेळ फिल्म बघतात, मुलाकडे बघतात आणि काउंटरवर कोपर टेकवून विचारतात, “मग तेवढ्या भागाचे पैसे कमी होतील ना?”